भिला नानाच्या लावऱ्या

नाही, नात्यातला नव्हता तो माझ्या. भाऊबंद नाही, सोयरा नाही. बांधाला बांध, एवढंच. कोणी विचारलं नाही, माहीत आहे मला. पण मी उठले तेव्हा मागच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं ते दिसलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं, आता सगळं दिसतं. काशीअक्का कशाला बोलते, हेच ना? सांगते. आणि तो माईक काढ रे बाबा तोंडापुढून, कुईकुई करतो. माझा आवाज नाल्यापलीकडे जातो. बकऱ्यांना विचारा.

सरपंच भाऊ, गुरुजी, सुरतेहून आलेला नानाचा मुलगा प्रकाश, जळगावहून आलेली पाखरंवाली मंडळी, आणि माझ्या बायांनो. एवढ्या उन्हात तुम्ही पंचायतीच्या या पत्र्याखाली जमलात. भिला नाना असता तर म्हणाला असता, एवढ्या लोकांना आज कामधंदा नाही का. गुरुजी चांगलं बोलले. निसर्गप्रेमी म्हणाले. सरपंच भाऊ पक्षीमित्र म्हणाले. मी तिसरी शिकलेली, मला असले शब्द येत नाहीत. मला बोलायचंही नव्हतं. हातपाय कापताहेत माझे, पाहा. म्हातारपणानं नाही कापत. भेवानं कापतात. कशाचं भेव, ते सांगायलाच उभी राहिले. सांगून झालं की बसेन.

पहिलं हे की त्याला देव करू नका. तुमच्या निम्म्या लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते आज हार घालून गप्प बसलेत. भिला नाना फासेवाला होता. पाखरं धरायचा. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे वळायचा आणि बरडावर लावायचा. आणि अमळनेरच्या बाजारात लावऱ्या विकायचा, टोपलीत, वरून ओलं फडकं टाकून. आजच्यासारखी तेव्हा कोणाला गुन्ह्याबिन्ह्याची भीती नव्हती. माझ्या बापानंही घेतल्यात त्याच्याकडून. मी खाल्ल्यात. कशाला खोटं बोलू.

आता लावरी म्हणजे काय, ते. जळगावच्या मंडळींना माहीत आहे, ते तिला दगडी लावा म्हणतात, पण आपल्याच गावच्या पोरांनी पाहिलेली नाही. मुठीएवढं पाखरू. मातीच्या रंगाचं, त्यावर गवताच्या काड्यांसारख्या रेघा. बरडावर तरवड आहे, हेकळ आहे, कुसळी आहे, बाकी सगळा दगड. त्या दगडात ती तुमच्या पायापाशी असते आणि तुम्हाला दिसत नाही. उडत नाही. हलत नाही. तुमचा पाय पडायला एक वीत उरली की मग उडते. एकटी नाही, आठ-दहा एकदम, भर्रर्र करून चारी दिशांना. छातीत धस्स होतं. जन्म गेला माझा तिथं बकऱ्या चारण्यात, अजून दर वेळी धस्स होतं. मी एकदा शिव्या दिल्या त्या पाखरांना. नाना हसला. म्हणाला, "आपन एकदाव घाबरतस, अक्का. ती दिनभर घाबरेल राहस."

आणि धरायची कशी, ते ऐका. ते ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही. थवा उडवायचा. पांगला की दगडाआड बसायचं, आणि थोड्या वेळानं शिट्टी द्यायची. बारीक, पोकळ, तीनदा. पांगलेली पाखरं तशीच शिट्टी देऊन एकमेकांना बोलावतात. मी इथं आहे, तू कुठं आहेस. कोणी इकडून देतं, कोणी तिकडून. नाना हुबेहूब द्यायचा. घाबरलेल्या पाखराला वाटायचं आपलंच कोणी बोलावतंय. ते चालत चालत यायचं, उडतही नव्हतं, आणि सरळ फाशात. अशी विद्या होती त्याची. आता म्हणा पक्षीमित्र.

मग एका वर्षी त्यानं सोडलं. लोक म्हणतात दया आली. दया नाही आली. मी विचारलं होतं त्याला, बांधावरच्या बोरीखाली. त्या बोरीवरून आम्ही दोघं तलाठ्यापर्यंत गेलो होतो, बोर माझी की त्याची. अजून निकाल नाही. दोघंही बोरं खायचो आणि दोघंही एकमेकांना चोर म्हणायचो. तर तिथं बसून म्हणाला, सकाळी गेलो, शिट्टी दिली. एकीनंही परत दिली नाही. पलीकडच्या उतारावर गेलो, तिथं दिली. नाही. नाल्यात उतरलो, तिथं दिली. नाही. "बठ्ठं बरड मुकं व्हई गयं, अक्का. मना आंगवर काटा उभा राहिना."

सगळं बरड मुकं झालं, आणि याच्या अंगावर काटा आला. भ्याला होता तो. आपल्याच हातानं सगळं संपवलं की काय, असं भ्याला. घरी येऊन त्यानं फासे चुलीत घातले. त्यात पुण्य काही नाही. भेव होतं.

पण माणूस मोठा खोडील. फासे जाळले तरी शिट्टी सोडली नाही. रोज पहाट फुटली की बरडावर. शिट्टी द्यायचा, कान लावून बसायचा, खाली यायचा. वर्षानुवर्षं. गावानं नाव ठेवलं होतं त्याला, लावरीचा नवरा. बायको गेल्यावर तर फार चिडवायचे. गेली का रे रुसून, आली का रे माहेराहून. तुमच्यातलेच काही इथं मान खाली घालून बसलेत. घाला. तो चिडायचा नाही. मी चिडायचे, त्याच्यावर. मी म्हणायचे, शेतात तण माजलंय आणि हा शिट्ट्या मारतो.

मग एक दिवस त्याला उत्तर मिळालं. एकाच जागी. किती वर्षांनी ते मला विचारू नका, मी मोजलेली नाहीत. आणि ती जागा त्यानं मला दाखवली. प्रेमानं दाखवली असं समजू नका. नाइलाज होता. माझ्या बकऱ्या तिथं शिरायच्या. सकाळी घेऊन गेला, दगडांमधून चालवलं, माझे गुडघे तेव्हा बरे होते. आणि एका हेकळीखाली जमीन दाखवली. ताटलीएवढं कडं होतं, पाखरांच्या शिटेचं. वाळलेलं. मी म्हणाले, हे दाखवायला आणलं का मला? मग त्यानं सांगितलं. रात्री त्या गोल करून झोपतात. शेपट्या आत, तोंडं बाहेर. एकमेकींना चिकटून. भेव कोणीकडून येईल सांगता येत नाही ना, म्हणून सगळीकडे एकेकीचं तोंड. सकाळी उठून गेल्या की मागं तेवढं कडं राहतं. तो त्या कड्यावरून ओळखायचा किती आहेत.

 घरी येऊन भाकरी टाकल्या. पण त्या दिवसापासून मी बकऱ्या तिकडं नेल्या नाहीत.

तो एवढंच म्हणाला होता की सांगू नको. बोटसुद्धा दाखवू नको. मी म्हणाले, मला काय गरज पडली.

आता रोहिणीचं सांगते. तुम्हाला माहीत आहे, पाहुण्यांना नाही. पाऊस पडायच्या आधी, रोहिण्या लागल्या की आपण बरड पेटवतो. जुनं गवत जळालं की नवं दाट येतं, ढोरांना होतं. बापजाद्यापासूनचं आहे. नाना त्याच्या आदल्या दिवशी कोयता घेऊन जायचा आणि गवत कापून पट्टा साफ करायचा, आग पुढं जाऊ नये म्हणून. तुम्ही हसायचे, म्हातारा डोंगराची हजामत करतो म्हणायचे. पण एक तुमच्या ध्यानात आलं नाही. तो तीन ठिकाणी साफ करायचा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी, सारखी मेहनत. पाखरं एकाच ठिकाणी होती. बाकीचे दोन पट्टे तुमच्यासाठी होते. फासेवालाच तो, माणसालाही फसवायचं त्याला येत होतं.

असं चाललं होतं. आता मी माझ्यावर येते.

पाणी द्या घोटभर. नको, चहा नको. सभेत चहा कसला फिरवता.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझी लेक आली होती. आखाजी झाल्यावर तिला न्यायला विहीण आली. आता बायांनो, तुम्हीच सांगा, विहीण दारात आली की आपण काय करतो? पाट देतो, साडी देतो, जे मागेल ते देतो. आपली लेक तिच्या घरात आहे. विहिणीला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या व्याह्याला, दमा आहे. फार त्रास. बसून झोपतो बिचारा. जेवताना ती म्हणाली, कोणीतरी सांगितलंय, लावरीचा रस्सा पाजला तर छाती मोकळी होते. तुमच्या बरडावर होत्या म्हणे पूर्वी. आहेत का हो अजून?

मी म्हणाले, कुठल्या आता.

ती म्हणाली, बघा ना विहीणबाई. रडली. खरंच रडली, ढोंग नव्हतं. माझी लेक चुलीपाशी उभी होती, ती माझ्याकडे बघत होती.

मी बोट दाखवलं नाही. एवढं पाळलं मी. दारातून बरड दिसतं. मी नुसती हनुवटी उचलली, त्या हेकळीच्या अंगाला. अशी. नाही, आता करून दाखवत नाही. एकदा उचलली, तिनं तिकडं पाहिलं, आणि मी पुढ्यातली भाजी वाढली. एवढंच. एवढ्यातच झालं सगळं.

चार दिवसांनी तिच्याकडचे दोघं आले, पहाट फुटायच्या आधीच. जाळी घेऊन. मला भेटलेही नाहीत. व्याह्याला रस्सा मिळाला. दमा आहे तसाच आहे. अमळनेरच्या डॉक्टरनं तोंडात मारायचा पंप दिला, त्यानं जरा बरं आहे. माझी विहीण इथं आलेली नाही आणि तिला कोणी काही बोलायचं नाही, आताच सांगते. तिनं विचारलं. सांगितलं मी.

प्रकाश, मान वर कर. इकडं बघ. तुझ्या बापाचे शेवटचे दिवस कसे गेले, तुला सुरतेला फोनवर सांगितलं असेल, ऊन लागलं. लागलंच. पण तो एवढ्या उन्हात तिथं का बसला होता, ते तुला कोणी सांगितलं नाही, कारण ते मला एकटीला माहीत होतं.

जाळीवाले येऊन गेले त्या दिवशी तो बरडावरून माझ्या ओट्यावर आला. मुठीत पिसं होती. ओट्यावर ठेवली. म्हणाला, कडं नाही आज. मी म्हणाले, कोल्ह्यानं खाल्ल्या असतील. असं बोलले मी. तोंड वर करून बोलले. तो म्हणाला, "मानूसनंच काम शे हाई. वाट दखाडेल शे कोनी तरी." वाट कोणीतरी दाखवली आहे. असं म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. पिसांकडे पाहत होता.

मी सांगायला हवं होतं तेव्हाच. नाही सांगितलं. भ्याले. त्याला भ्याले असं नाही, तो काय करणार होता मला. बोरीवरून भांडताना एवढं बोलायचो आम्ही, पण हे तोंडातून निघेना. उद्या सांगू म्हटलं. असे उद्या-उद्या करत आठ दिवस गेले.

ते आठ दिवस तो रोज वर जाऊन बसायचा. पूर्वी सकाळी जायचा नि यायचा. आता दुपार होईपर्यंत. परत कोणी येऊ नये म्हणून राखण. वैशाखातलं ऊन, दगड भाकरीच्या तव्यासारखा, आणि वय त्याचं. मी म्हणाले, मरशील. म्हणाला, मग तू येशील का बसायला? चिडवत म्हणाला की काय, मला अजून कळत नाही. रोज येताना माझ्या ओट्यावर थांबायचा, पूर्वी थांबत नव्हता. पाणी प्यायचा. माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, याला माहीत आहे. आणि हा वाट बघतोय, मी कधी सांगते. किंवा काहीच माहीत नव्हतं आणि नुसती तहान लागायची. दोन्हीचं मला सारखंच भेव वाटतं. आता कोणाला विचारू?

शेवटच्या दिवशी आला तेव्हा चेहरा लाल नव्हता, पांढरा होता. मी कांदा फोडून दिला, खाल्ला नाही. लोटा पाणी प्याला. मग म्हणाला, आज शिट्टी दिली. इतके दिवस कोणी परत देत नव्हतं. आज एकीनं दिली.

मी म्हणाले, म्हणजे आहेत. चांगलं झालं की.

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी वेडी आहे. म्हणाला, "कसानं चांगलं? तिनी देवाले नको व्हती." उत्तर द्यायला नको होतं तिनं. एवढं होऊनही तिनं दिलं. उद्या दुसरा कोणी शिट्टी देईल, त्यालाही देईल. लोटा हातात तसाच धरून बसला. पाखरू मेलं म्हणून नाही, पाखरू अजून बोलतं म्हणून तो भ्याला होता. असं भेव मी कोणाच्या तोंडावर पाहिलं नाही. उठला, घरी गेला, खाटेवर पडला. शेजारच्यांनी अमळनेरला नेलं, पण वाटेतच सगळं झालं होतं.

मी सांगितलंच नाही त्याला. ते आज सांगितलं. तो ऐकत नाही, तुम्ही ऐकता. काय करायचं. प्रकाश, तू काय बोलायचं ते नंतर घरी येऊन बोल. मी दार लावणार नाही.

आता सरपंच भाऊ. तुम्ही म्हणालात बोर्ड लावू, बाण काढू, नानांच्या नावानं पक्षी बघायची जागा करू, पायवाट करू, बसायला बाकं. तुमचं मन चांगलं आहे. जळगावची मंडळीही चांगली आहेत, ही ताई सकाळी माझ्या घरी आली, पाया पडली, म्हणाली, अक्का, आम्ही फक्त लांबून फोटो काढतो, त्रास देत नाही, तुम्ही एकदा दाखवा. मी तिला विहिणीसारखा पाट दिला. ती बोलत होती आणि माझी मान आपोआप दाराकडे वळायला लागली. मी धरली. हातानं धरली, अशी. तिला वाटलं माझी मान दुखते, बाम आणून देते म्हणाली.

म्हणून सांगते, मला तुमचं भेव नाही. माझंच आहे. मी भली बाई आहे, कोणी गोड बोललं की देते. चोर आला तर मी काठी घेईन. पण रडत आलेल्या माणसाला काय करू? आता या गावात जागा माहीत असलेली मी एकटी. गेले दहा दिवस मी त्या अंगाला बघून चालत नाही. आत्ताही पाहा, बरडाला पाठ करून उभी आहे.

तेव्हा बोर्ड नको. बाण नको. नानाचं नाव द्यायचं असेल तर हातपंपाला द्या, त्याचं पाणी तो पीत होता.

आणि एक मागणं आहे. रोहिण्या आल्यात. तुम्ही बरड पेटवणार. पट्टे कापायला तो नाही. मी कापू शकत नाही, आणि कापले तर तुम्हाला कळेल कुठं कापले. तीन ठिकाणी कापायची ताकद माझ्यात नाही. म्हणून यंदा पेटवू नका. कुठलाच भाग नको. सगळं बरड तसंच सोडा. गवत कमी येईल, ढोरांचे हाल होतील, माझ्या बकऱ्यांचेही होतील. मला माहीत आहे मी काय मागते. पण एक वर्ष सोडा.

काय म्हणालास मागून? जोरात बोल.

हां. सगळं कशाला, कोणती बाजू तेवढी सांगा अक्का, तेवढीच सोडू आम्ही. असं म्हणतो हा. वाईट नाही म्हणत. बरोबरच म्हणतो. मलाही पटतं, सांगून टाकलं तर तुमचं गवत वाचेल, आणि तुम्ही शब्द पाळाल हेही मला पटतं. तुम्ही चांगली माणसं आहात.

नाही सांगणार.

सगळं सोडायचं तर सोडा, नाहीतर पेटवा. मी कोणाचे हात धरत नाही. पण बाजू सांगणार नाही. वरची की खालची, नाल्याकडची की रस्त्याकडची, अजून आहेत की नाहीत, किती आहेत, काही सांगणार नाही. आज नाही, नंतरही नाही. प्रकाशलाही नाही.

उभे राहा सगळे. त्याच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहायचंय. नंतर जागा विचारायला कोणी माझ्याकडे यायचं नाही. मला जे बोलायचं होतं ते झालं, आणि जे राहिलं ते मी बोलणार नाही.